प्रबंध जमा करण्यापूर्वी आणि मौखिक परीक्षेला उभे राहण्यापूर्वी नेमके काय काय पूर्ण असावे लागते?

सुरंगी_मालवण · १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. माझी नोंदणी २०१९ सालची आहे. सहा वर्षांची मुदत संपली असून स्त्रियांना मिळणाऱ्या दोन वर्षांच्या सवलतीत सध्या माझे काम चालू आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, चालवणाऱ्या संघांमध्ये मासळीचा वाटा कसा ठरतो आणि गेल्या दोन पिढ्यांत ही वाटणी कशी बदलत गेली, हा माझा विषय. सहा गावांतील रापणकरांशी बोलून आणि दोन हंगाम किनाऱ्यावर बसून मी नोंदी केल्या. लिखाण आता हातावेगळे होत आले आहे आणि मार्गदर्शकांच्या मते मार्चपर्यंत प्रबंध जमा करता येईल.

शोधनिबंध छापलेला असणे बंधनकारक आहे की नाही, याविषयी मला रोज नवे ऐकायला मिळते. प्रबंध जमा झाल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत कोणते टप्पे असतात, हेही कोणी सलग सांगत नाही. पण सर्वांत मोठी चिंता त्या परीक्षेचीच आहे. माझे सहकारी म्हणतात की तो निव्वळ उपचार असतो, चहापाण्याची सोय नीट बघा म्हणजे झाले. मार्गदर्शक मात्र म्हणतात की एका प्रश्नाची तयारी ठेवा: 'यात तुमचे स्वतःचे काय?' हा प्रश्न आठवला की मला झोप लागत नाही. ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

जुना_मार्गदर्शक · १२ जानेवारी, रात्री १०.५५

सुरंगीताई, मी रत्नागिरीत तीस वर्षे शिकवले आणि निवृत्त होईपर्यंत नऊ जणांचे प्रबंध पूर्ण करून घेतले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपली नोंदणी २०१९ ची असल्यामुळे आपल्याला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम लागू होतात. त्यानुसार कोर्सवर्क किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेले असावे लागते आणि दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडलेली असावी लागते. प्रबंध जमा करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, शिवाय परिषदांमध्ये किंवा चर्चासत्रांत दोन निबंध वाचलेले असावेत, आणि त्यांचे पुरावे प्रबंधासोबत जोडावेत. त्यानंतर समितीपुढे जमापूर्व सादरीकरण होते. ते सर्व प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना खुले असते. तिथे आलेल्या सूचना समितीशी बोलून प्रबंधात घालायच्या असतात. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल, काम मौलिक असल्याचे आपले प्रतिज्ञापत्र, आणि हे काम इतरत्र पदवीसाठी दिलेले नाही असे मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, एवढे झाले की प्रबंध जमा होतो.

पुढे मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षक प्रबंध वाचतात आणि त्यांतील एक परदेशातीलही असू शकतो. दोघांचे अहवाल समाधानकारक आले आणि त्यांत मौखिक परीक्षेची स्पष्ट शिफारस असली, तरच ती परीक्षा लागते. एकाचा अहवाल प्रतिकूल आला, तर प्रबंध तिसऱ्या परीक्षकाकडे जातो आणि पुढचे सर्व त्याच्या मतावर अवलंबून राहते. हे सारे जमा झाल्या तारखेपासून सहा महिन्यांत आटोपावे, अशी नियमाची अपेक्षा आहे.

आता उपचाराविषयी. अहवाल अनुकूल आल्यावरच परीक्षा होत असल्यामुळे तिथे नापास होणारा उमेदवार विरळाच, हे मी मान्य करतो. परंतु इतर गोष्टींबरोबरच, परीक्षकांनी अहवालात जे आक्षेप नोंदवलेले असतात, त्यांवरही ही परीक्षा आधारलेली असावी, असे नियमच सांगतो. त्यामुळे अहवाल हाती आले की त्यांतील प्रत्येक आक्षेपाला प्रबंधाच्या पानासह उत्तर लिहून काढा. माझ्या नऊपैकी सात विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न अहवालातलाच आला होता.

कातळसडा · १३ जानेवारी, सकाळी ७.१५

जुना_मार्गदर्शक सरांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो की शोधनिबंधाची अट आता राहिलेली नाही. मी राजापूर तालुक्यातील कातळशिल्पांवर काम करतो आणि माझ्या संशोधन केंद्राने मला एकही छापील निबंध मागितलेला नाही. ताईंनी उगाच घाईघाईने पैसे भरून कुठल्यातरी नियतकालिकात निबंध छापू नये, असे मला मनापासून वाटते. आमच्या ओळखीतील दोघांनी तसे केले आणि त्या नियतकालिकांना कोणीच मानत नाही हे त्यांना नंतर कळले.

जुना_मार्गदर्शक · १३ जानेवारी, सकाळी ८.३०

कातळसडा, आपले म्हणणे आपल्यापुरते बरोबर आहे, कारण आपली नोंदणी बहुधा नंतरची असावी. नवे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांत निबंधाची सक्ती काढली गेली आणि कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचे झाले. त्या तारखेपूर्वी नोंदणी झालेल्यांना मात्र जुनेच नियम लागू राहतात. एकाच केंद्रात दोन संशोधक शेजारी शेजारी बसतात आणि दोघांची नियमावली वेगळी असते, त्यामुळे हा घोळ सगळीकडे होतो. विद्यापीठ स्वतःची जादा अटही घालू शकते. म्हणून ताईंनी आपल्या नोंदणीपत्रावरील तारीख दाखवून विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा.

पैसे भरून निबंध छापू नये, या आपल्या म्हणण्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

कातळसडा · १३ जानेवारी, सकाळी ८.४२

माझी नोंदणी २०२३ ची आहे. दुरुस्तीबद्दल आभारी आहे, सर.

दापोली_कलमबाग · १३ जानेवारी, रात्री ८.०५

माझी विद्याशाखा वेगळी आहे. मी उद्यानविद्येचा विद्यार्थी होतो आणि हापूस कोणत्या अवस्थेत काढला असता साका (गरातील खराब, पांढरट भाग) कमी निघतो, यावर माझे काम होते. कृषी विद्यापीठांतील टप्पे थोडे निराळे असतात, त्यामुळे नियमांविषयी मी काही लिहीत नाही. 'तुमचे स्वतःचे काय' या प्रश्नावर मात्र माझा अनुभव ताईंच्या उपयोगी पडेल.

आमच्याकडे बागायतदार 'चौदा आणे फळ' असे म्हणतात. चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवायचा, हे दापोलीपासून देवगडपर्यंत कोणत्याही गड्याला माहीत असते. मीही तो शब्द प्रबंधात सहज वापरला होता. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडले आणि विचारले की चौदा आणे म्हणजे किती, ते कोणी ठरवले, आणि दोन गड्यांनी एकच फळ पाहिले तर दोघेही चौदा आणेच म्हणतील का? प्रश्न ऐकून माझ्या तोंडचे पाणी पळाले. सुदैवाने मी प्रत्येक फळाचे विशिष्ट गुरुत्व मोजले होते. पाण्याने भरलेल्या घमेल्यात फळ सोडायचे, तयार फळ बुडते आणि कोवळे तरंगते, तिथून पुढे मोजणी सुरू होते. मी उत्तर दिले की गड्याने डोळ्यांनी निवडलेली फळे आणि पाण्यात बुडालेली फळे मी शेजारी शेजारी मांडली आहेत, आणि ती कुठे जुळतात व कुठे जुळत नाहीत, त्याचा तक्ता परिशिष्टात आहे. परीक्षक म्हणाले, 'मग हा तक्ता परिशिष्टात का दडवलात? हेच तर तुमचे आहे.'

ताई, तुमच्या प्रबंधात 'वाटा' हा शब्द शेकडो वेळा आला असणार. तो एकदा घमेल्यात सोडून पाहा.

सुरंगी_मालवण · १३ जानेवारी, रात्री ११.२०

दापोली_कलमबाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि लगेच माझी तिसऱ्या प्रकरणाची प्रत काढली. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोरी ओढणाऱ्याचा वाटा, म्हाताऱ्या रापणकराचा वाटा, असे सगळे शब्द मी सहा गावांतून जसेच्या तसे उचलले आहेत. ते प्रत्येक गावात त्याच अर्थाने वापरले जातात की नाही, हे मी कुठेच स्पष्ट केलेले नाही. उद्यापासून तेच काम करते.

खाडीपलीकडे · १४ जानेवारी, दुपारी २.१०

मी थोडा कडवट सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व. सहा महिन्यांत सर्व आटोपते, हे कागदावर ठीक आहे. माझा प्रबंध जमा झाल्यानंतर चौदा महिने एका विद्यापीठाच्या कपाटात पडून होता. एका परीक्षकाने नकार कळवला होता आणि ते पत्र कोणीही वाचलेले नव्हते. मी दर महिन्याला गुहागरहून एस.टी.ने जात असे, आणि खिडकीपलीकडून 'प्रोसेसमध्ये आहे' एवढेच उत्तर मिळत असे. त्या काळात मला एका पदासाठी अर्ज करता आला नाही, आणि ती जागा पुन्हा निघाली नाही.

म्हणून माझा सल्ला असा की प्रबंध जमा केल्याची पोच शिक्क्यासह घ्या, आणि दोन महिन्यांनंतर लेखी विचारणा सुरू करा. परीक्षकांची नावे गोपनीय असतात, ती विचारू नका. प्रबंध परीक्षकांकडे रवाना झाला का आणि त्यांची संमती आली का, एवढे विचारण्याचा मात्र आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मौखिक परीक्षेविषयी मी सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. माझी वीस मिनिटांत संपली. एकानेही प्रबंध उघडला नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामाला एकही प्रश्न नाही याचे मला अजूनही वाईट वाटते.

जुना_मार्गदर्शक · १४ जानेवारी, सायंकाळी ६.००

खाडीपलीकडे, आपल्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. आपल्यासारख्यांचे नुकसान नियम नसल्यामुळे होत नाही, तो पाळण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर नसल्यामुळे होते. आपला लेखी विचारणेचा सल्ला प्रत्येकाने वहीत उतरवून ठेवावा असा आहे. यात एका गोष्टीची भर घालतो. मार्गदर्शक निवृत्तीला आलेले असतील, तर जमा करण्याची तारीख त्यांच्याशी आधीच बोलून ठरवावी. २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीनंतर त्यांना सहमार्गदर्शक म्हणून राहता येते, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. त्यामुळे ऐन वेळी प्रमाणपत्रावर सही कोणाची, असा पेच उभा राहतो.

कुडाळ_टंकलेखन · १५ जानेवारी, सकाळी १०.४५

मी स्वतः पीएच.डी. नाही. परंतु कुडाळमध्ये गेली अठरा वर्षे प्रबंध टाइप करून आणि बांधून देतो, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो मराठी म्हणून दिसतच नाही. आपल्याला पडद्यावर 'रापण' दिसते, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते. अहवाल शून्य टक्के येतो, विद्यार्थी आनंदाने घरी जातो, आणि विभागात कोणाच्या तरी लक्षात आले की सगळे पुन्हा युनिकोडमध्ये करून आणायला सांगतात. रूपांतर करताना रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात. गेल्या वर्षी एका बाईंचा साडेतीनशे पानांचा प्रबंध आम्ही तिघांनी मिळून आठ रात्री वाचून दुरुस्त केला. 'वार्षिक' हा शब्द प्रत्येक पानावर निराळा मोडला होता. तेव्हा पहिल्या प्रकरणापासून युनिकोडच वापरा.

बांधणीची घाई करू नये, अशीही विनंती आहे. जमापूर्व सादरीकरणातील दुरुस्त्या झाल्याशिवाय सोनेरी अक्षरे टाकून घेऊ नका.

कातळसडा · १५ जानेवारी, दुपारी १२.३०

टक्केवारीचा विषय निघाला आहे, म्हणून लिहितो. अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साधर्म्य आढळले, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे वगैरे भाग यातून वगळलेले असतात. ताईंच्या प्रबंधात मुलाखतींतील मालवणी वाक्ये भरपूर असतील. ती इतरत्र कुठेच छापलेली नसल्याने त्या बाजूने त्यांनी निर्धास्त राहावे.

मंडणगडकर · १६ जानेवारी, रात्री ९.१५

प्रबंध परत येण्याची भीती अनेकांना वाटते, म्हणून आमच्या तालुक्याशी नाते असलेली एक गोष्ट सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे आमच्याच तालुक्यात आहे. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध मार्च १९२३ मध्ये सादर झाला, तेव्हा तो स्वीकारला गेला नाही. त्यांनी ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. मी स्वतः सुधारणेसाठी परत आलेला प्रबंध घेऊन घरी बसलो होतो, तेव्हा वडिलांनी मला या तारखा एका कागदावर लिहून दिल्या होत्या. सुधारणा सांगितल्या गेल्या म्हणून आपले काम हलके ठरत नाही. मी सात महिन्यांत नवे प्रकरण लिहिले, आणि माझ्या प्रबंधात आज कोणी वाचावे असे काही असेल, तर ते तेच प्रकरण आहे.

खाडीपलीकडे · १६ जानेवारी, रात्री ९.४०

मंडणगडकर, हे वाचून बरे वाटले. माझ्यापेक्षा तुमच्या परीक्षकांनी तुमच्यावर अधिक उपकार केले, असे मी म्हणेन.

वेळणेश्वर_लाट · १८ जानेवारी, दुपारी ४.२०

एका मुद्द्याकडे अजून कोणी वळले नाही. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट या अनुदान आयोगाच्या केंद्राकडे जाते आणि तो शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला होतो. ही चांगलीच गोष्ट आहे, माझा स्वतःचा सारा संदर्भशोध तिथूनच झाला. परंतु सुरंगीताई, तुमच्या परिशिष्टात रापणकरांच्या मुलाखती नावासकट आहेत का? रापणकर आणि पर्ससीनवाले (यांत्रिक नौकांतून मोठी घेर जाळी टाकणारे) यांच्यातील तेढ आपल्या किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. कोणी विश्वासाने सांगितलेले वाक्य उद्या गावातील दुसऱ्याच्या मोबाइलवर नावासह वाचले गेले, तर त्याचा त्रास त्या माणसाला होईल. मी माझ्या अभ्यासात नावांऐवजी क्रमांक दिले आणि मौखिक परीक्षेत त्याविषयी प्रश्नही आला. परीक्षकांनी विचारले की क्रमांक दिल्यावर आम्ही पडताळणी कशी करायची? मूळ वह्या आणि नावांची यादी मी मार्गदर्शकांकडे सीलबंद ठेवली होती, ती दाखवल्यावर त्यांचे समाधान झाले.

सुरंगी_मालवण · १८ जानेवारी, रात्री १०.३०

नावे आहेत. सगळ्यांची आहेत. गावातल्या माणसांना श्रेय मिळावे, या भावनेने मी ती घातली होती, पण तुम्ही म्हणता ते इतक्या उशिरा का होईना, लक्षात आले. प्रत्येकाकडे पुन्हा जाऊन विचारते.

सुरंगी_मालवण · ३० ऑगस्ट, रात्री ८.५०

मंडळी, माझी मौखिक परीक्षा परवा झाली आणि शिफारस अनुकूल आहे. आपल्या सर्वांची मी ऋणी आहे, म्हणून जे घडले ते लिहिते.

निबंध एक छापलेला होता, दोन चर्चासत्रांची प्रमाणपत्रे होती, आणि विभागाने २०१६ चे नियम लागू असल्याचे लेखी दिले. प्रबंध मार्चअखेर जमा झाला. खाडीपलीकडे यांनी सांगितल्याप्रमाणे जूनमध्ये मी विचारणेचे पत्र दिले, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत कळले की एक परीक्षक आजारी असल्यामुळे दुसरे नेमले आहेत. पत्र दिले नसते, तर हे कधी कळले असते, याची कल्पना करवत नाही.

परीक्षा सुमारे सव्वा तास चालली. सभागृहात विभागातील प्राध्यापक आणि दहाबारा विद्यार्थी होते. पहिला प्रश्न अहवालातलाच आला: सहा गावांवरून संपूर्ण किनाऱ्याविषयी निष्कर्ष कसा काढता? मी सांगितले की तो मी काढलेला नाही, आणि मर्यादांच्या प्रकरणातील परिच्छेद वाचून दाखवला. त्यानंतर परीक्षकांनी अकरावा तक्ता उघडून विचारले, 'इथे अर्धा वाटा असे लिहिले आहे. अर्धा कशाचा?'

जानेवारीत हा प्रश्न आला असता, तर मी गप्प बसले असते. पण दापोली_कलमबाग यांच्या प्रतिसादानंतर मी सहाही गावांत पुन्हा गेले होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि रापण बंद असते, म्हणून ही फेरी मी फेब्रुवारीतच उरकली. वाळूवर बांगड्याचे ढीग लावत असताना शेजारी बसून मोजले. चार गावांत अर्धा वाटा म्हणजे पूर्ण वाट्याच्या ढिगातील निम्मे नग. दोन गावांत मात्र तो पूर्ण ढीगच असतो, पण दिवसाआड मिळतो. दोरी ओढण्याची ताकद राहिली नाही अशा म्हाताऱ्यांना आणि रापणकरांच्या विधवांना तो मिळतो, आणि ज्या गावात तो ढीग आहे त्या गावात घेणाऱ्याचा मान राहतो, असे तिथल्या माणसांनीच मला सांगितले. हे सगळे मी फळ्यावर ढीग काढून समजावले. परीक्षक म्हणाले की हा भाग स्वतंत्र लेख म्हणून छापा. 'तुमचे स्वतःचे काय' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

वेळणेश्वर_लाट, नावांविषयी विचारायला मी बेचाळीस घरी गेले. एकेचाळीस जणांनी क्रमांक चालेल असे सांगितले. एक आजोबा, वय ब्याऐंशी, ऐकेनात. 'माजा नाव त्येच्यात व्हया,' एवढेच म्हणत राहिले. मुलाखतीत त्यांचाही क्रमांकच आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर मात्र त्यांचे नाव त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या गावासकट, पहिल्या ओळीत घातले आहे. बांधलेली प्रत या रविवारी त्यांना दाखवायला घेऊन जाणार आहे.